एअर रायफल: छर्रा कोणता, हवा किती, वेग किती?

काडतुसात दारू किती ग्रेन भरायची, भार टप्प्याटप्प्याने कसा वाढवायचा, याचे परदेशी व्हिडिओ पाहून बरेच जण विचारतात की हे आपल्याकडे घरी करता येईल का. नाही करता येत. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. हातात असलेला बंदुकीचा परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो, काडतुसे बनवण्याचा नसतो. पॉइंट टू-टूची काडतुसे तर तशीही पुन्हा भरण्याजोगी नसतात, कारण पेटणारे मिश्रण पितळी बुडाच्या कडेतच असते आणि घोड्याने ती कड एकदा चेपली की ती संपली.

पण या विषयाचा गाभा आपल्या १० मीटरच्या एअर रायफललाही जसाच्या तसा लागू आहे. दर वेळी तोच वेग हवा, तोच छर्रा हवा, आणि तो छर्रा त्याच नळीला मानवणारा हवा. दारूच्या जागी इथे दाबाखालची हवा असते. ती अंदाजपंचे भरली तर नेम तर जातोच, जिवावरही बेतू शकते. मराठवाड्यात त्यात उन्हाची भर पडते. पत्र्याच्या शेडमध्ये, कूलरच्या झोतात आणि मे महिन्याच्या उकाड्यात सराव करणाऱ्यांसाठी काही आकडे वेगळे मांडावे लागतात, ते पुढे ओघात येतील.

आधी कायद्याची रेघ

४.५ मिमी, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन कॅलिबरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवान्याविना घेता येते. ऊर्जा काढायची रीत सोपी आहे. छर्ऱ्याचे वजन किलोग्रॅममध्ये घ्या, वेगाच्या वर्गाने गुणा आणि दोनाने भागा. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७२ मीटर वेगाने सुटला तर ७.८ ज्यूल येतात. तोच छर्रा २७५ मीटर वेगाने सुटला की आकडा २० ज्यूलवर पोहोचतो. म्हणून स्प्रिंगच्या रायफलीत ‘जास्त ताकदीची’ स्प्रिंग बसवून देतो म्हणणाऱ्या मेकॅनिकला साफ नाही म्हणा. रेघ ओलांडली तर परवान्याचा प्रश्न उभा राहतो, पिस्टनचे सील फाटते आणि झटका वाढल्याने नेम उलट बिघडतो. १० मीटरवर जादा ताकदीचा एका पैशाचाही उपयोग नाही.

पाखरांवर, खारींवर छर्रा चालवणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खालचा गुन्हा ठरू शकतो. रायफल शेतावर नेली तरी निशाणा कागदच असला पाहिजे.

वेगाचे गणित: एक मीटरची किंमत

स्पर्धेच्या रायफली कारखान्यातूनच साधारण १७० ते १७५ मीटर प्रति सेकंद या वेगावर लावलेल्या येतात. एवढा कमी वेग कशासाठी, असे नव्या माणसाला वाटते. हा वेग शांत असतो, झटका जवळजवळ नसतो आणि कागदाला गोल, स्वच्छ भोक पडते.

१० मीटर जायला छर्ऱ्याला सुमारे ०.०६ सेकंद लागतात. तेवढ्यात तो नळीच्या रेषेपासून साधारण १८ मिमी खाली येतो. साईट लावताना ही घट आपण भरून काढलेली असते, त्यामुळे ती जाणवत नाही. मात्र वेग दर फैरीला बदलला तर घटही बदलते. सेकंदाला एक मीटर वेग कमी झाला की छर्रा सुमारे ०.२ मिमी खाली लागतो. दशांश गुणांत ०.१ गुण म्हणजे ०.२५ मिमी. म्हणजे वेगातला एक मीटरचा फरक जवळजवळ एका दशांश गुणाला पडतो. ६० फैरींच्या सामन्यात, जिथे पूर्ण गुण ६५४.० असतात, तिथे दशांशांवरच अंतिम फेरी हुकते.

यावरून लक्ष्य ठरते. क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, सलग १० फैरी मारा. सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद फैरीत ३ मीटरपर्यंत फरक असेल तर रायफल ठीक आहे. ५ मीटरच्या पुढे गेला तर कारण शोधा. सरासरी १६९ आहे की १७४, याने काही बिघडत नाही. वेगाचा स्क्रू फिरवून ‘बरोबर १७५’ करण्याच्या नादी लागू नका. तो स्क्रू, हातोडीची स्प्रिंग आणि रेग्युलेटर (दर फैरीला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) एकमेकांशी जुळवलेले असतात. एक हलवला की दुसऱ्यावर परिणाम होतो, आणि मग मूळ जागा सापडत नाही.

क्रोनोग्राफ वापरताना एक घोटाळा नेहमी होतो. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी दिव्याचा उजेड डोळ्याला दिसत नाही इतका लुकलुकतो आणि प्रकाशावर चालणारे यंत्र भलतेच आकडे दाखवते. १७१, १७२, १७१ आणि मध्येच २४० आले तर रायफलवर संशय घेऊ नका, दिवा बंद करा. दारात, थेट ऊन न लागणाऱ्या सावलीत यंत्र ठेवले की आकडे सरळ येतात. यंत्र नळीच्या तोंडापासून किती दूर ठेवायचे ते त्याच्या पुस्तिकेत असते. एकदा ठरवलेले अंतर पुढे बदलू नका.

हवा भरणे

दबलेल्या हवेच्या रायफलींच्या बऱ्याच सिलिंडरांवर २०० बारची मर्यादा लिहिलेली असते. काहींची वेगळी असते, म्हणून आकडा तुमच्या सिलिंडरवरचाच घ्या. २०० बार म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण २०० किलोंचा रेटा. मुठीत मावणाऱ्या त्या ॲल्युमिनियमच्या नळकांड्याकडे त्याच नजरेने पाहिले पाहिजे.

सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणे सिलिंडर उत्पादकाने दिलेल्या मुदतीत असावे लागते, आणि ही मुदत जास्तीत जास्त १० वर्षांची. जुनी रायफल स्वस्तात मिळते तेव्हा बहुतेक वेळा गोम इथेच असते. रायफल उत्तम असते आणि सिलिंडरची मुदत कधीच उलटलेली असते. सौदा करण्याआधी तारीख वाचा आणि नव्या सिलिंडरची किंमत धरून हिशेब करा. मुदत संपलेले सिलिंडर ‘अजून चांगले आहे’ म्हणून भरत राहू नये. ॲल्युमिनियम थकते ते आतून, बाहेरून पाहून कळत नाही.

भरायची हवा कोरडी आणि स्वच्छ, श्वसनयोग्य दर्जाची हवी. अग्निशमनाच्या श्वसनयंत्रांचे किंवा पाणबुड्यांचे सिलिंडर भरणारा ब्रीदिंग एअर कॉम्प्रेसर हा उत्तम मार्ग. मोठा सिलिंडर तिथून भरून आणायचा आणि त्यातून रायफलीचा भरायचा. मोठ्या सिलिंडरच्या खांद्यावर दाबचाचणीची तारीख कोरलेली असते, तीही पाहा. ऑक्सिजन कधीही नाही. दवाखान्याचा असो की वेल्डिंगचा, दाबाखालचा ऑक्सिजन ग्रीसच्या कणाला लागला तरी भडका उडून सिलिंडर फुटू शकतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर जोडून केलेले घरगुती जुगाडही नको. त्यातून तेलाची वाफ येते, आणि दाबाखालची हवा व तेल एकत्र आले की तोच धोका.

भरताना हा क्रम ठेवा.

१. रायफलमध्ये छर्रा नाही, बोल्ट (छर्रा नळीत ढकलणारा दांडा) उघडा आहे आणि नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची रंगीत खूण) आहे, याची खात्री करा. सिलिंडर रायफलीवरून काढून भरायचा असेल तर काढा.

२. ॲडॉप्टर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा असावा. आटे हाताने सहज बसले पाहिजेत. पान्याने आवळावे लागत असेल तर आटे जुळत नाहीत, तिथेच थांबा.

३. मोठ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह अगदी हळू, केसभर उघडा. काटा सरकताना दिसला पाहिजे, उडी मारताना नाही. मोठा सिलिंडर ३०० बारचा असेल तर इथे डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. व्हॉल्व्ह सताड उघडला तर २०० बारच्या सिलिंडरमध्ये बघता बघता जास्त दाब जातो.

४. सावकाश, दीड-दोन मिनिटे घेऊन भरा. घाईने भरली तर हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर १८५ वर येतो. मग माणूस पुन्हा भरायला बसतो.

५. व्हॉल्व्ह बंद करा, मधल्या नळीतली हवा ब्लीड स्क्रूने सोडा आणि मगच जोड उघडा. आवाज पूर्ण थांबेपर्यंत आट्यांना हात लावू नका.

हातपंपानेही काम होते, मात्र त्यात घाम आणि पाणी दोन्ही. पावसाळ्यातल्या दमट हवेतली बहुतेक वाफ २०० बारपर्यंत दाबल्यावर पाणी होते आणि सिलिंडरमध्ये उतरते. आत गंज, व्हॉल्व्हवर पांढरी पावडर, रेग्युलेटर अडकणे, सगळे तिथून सुरू होते. पंपाला सिलिका जेलचा फिल्टर लावा आणि दाण्यांचा रंग बदलला की बदला. ६०-७० दट्टे मारले की पंप निवू द्या, कारण तापलेल्या पंपाची सीले लवकर जातात. ओ-रिंगला उत्पादकाने सांगितलेले सिलिकॉन ग्रीसच, आणि तेही बोटाला जेमतेम लागेल इतकेच. शिलाई मशीनचे तेल, गाडीचे ऑइल अजिबात नको.

आता उन्हाचा हिशेब. बंद सिलिंडरमधला दाब तापमानाबरोबर वाढतो. २० अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर ४२ अंशांना २१५ वर जातो. बंद गाडीत डिकीचे तापमान ६५ अंशांवर गेले तर तोच २३० च्या आसपास. परभणीहून किंवा लातूरहून पुण्याच्या बालेवाडीला स्पर्धेसाठी निघालात आणि ढाब्यावर गाडी उन्हात लावून जेवायला बसलात, तर डिकीत नेमके हेच होत असते. प्रवासाला सिलिंडर १२०-१५० बारवर ठेवून निघा, पांढऱ्या कापडात गुंडाळून सीटजवळ ठेवा, तिथे पोहोचल्यावर भरा. उलटेही लक्षात ठेवा. दुपारी ४२ अंशांत २०० भरला आणि २४ अंशांच्या वातानुकूलित हॉलमध्ये नेला तर काटा १८९ च्या आसपास उतरतो. ती गळती नव्हे. गळती तपासायची तर सकाळी एकाच वेळी, एकाच खोलीत, दोन दिवस आकडा लिहा.

मार्च ते जूनमध्ये सिलिंडर सकाळी लवकर भरावा आणि १९० वर थांबावे. शेवटचे १० बार सोडल्याने सामन्यात काहीच अडत नाही. रेग्युलेटर असलेल्या रायफलीत १९० वरची फैर आणि १२० वरची फैर एकाच वेगाची असते. सिलिंडरमधला दाब रेग्युलेटरच्या दाबाखाली गेला की मात्र वेग झपाट्याने पडतो. तो आकडा रायफलच्या पुस्तिकेत दिलेला असतो. साधा नियम असा की १०० बारच्या खाली असताना सामना सुरू करू नये.

छर्रा: डब्यावरचा आकडा आणि नळीची आवड

१० मीटरसाठी चपट्या डोक्याचा, मऊ शिशाचा छर्रा वापरतात. रायफलीसाठी ०.५३ ग्रॅम, म्हणजे ८.२ ग्रेनच्या आसपास. ०.४५ ते ०.५० ग्रॅमचे हलके छर्रे मुख्यतः पिस्तुलासाठी बनतात, तरी काही रायफलींना तेही मानवतात. टोकदार आणि घुमटाकार छर्रे या खेळासाठी नाहीत. त्यांनी कागद फाटतो आणि गुण मोजता येत नाही.

एच अँड एन, आरडब्ल्यूएस, जेएसबी, छियांग युआन या कंपन्यांचे मॅच छर्रे आपल्याकडे वापरात आहेत. डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी. शतांश मिलिमीटरने काय होते, असे वाटेल. छर्ऱ्याचे डोके नळीच्या खाचांवर टेकून सरळ राहते आणि मागचा पातळ घेर हवेच्या दाबाने फुलून खाचांत घट्ट बसतो. डोके सैल असेल तर छर्रा नळीत किंचित तिरपा होतो. जास्त घट्ट असेल तर डोके ओरबाडले जाते आणि वेग फैरीगणिक बदलतो. कुठल्या नळीला कुठला व्यास मानवेल हे नळी पाहून सांगता येत नाही. एकाच कारखान्याच्या, एकाच दिवशी बनलेल्या दोन नळ्यांची आवड वेगळी निघते. म्हणून ‘मित्राच्या रायफलीला ४.५० चालतो’ ही माहिती तुमच्या कामाची नाही.

छर्रा बसवतानाची गोष्ट जवळून पाहा. बोल्ट मागे, पन्हळीत छर्रा, डोके पुढे. अंगठ्याने ढकलताना तो थोडा तिरपा झाला आणि बोल्ट तसाच रेटला तर घेराची एक कड नखाच्या कोरीएवढी दुमडते. दिसायला काही नाही. पण हवा त्या बाजूने आधी निसटते, छर्ऱ्याला तिरका धक्का बसतो आणि तो ८.९ ला जाऊन बसतो. नेमबाज स्वतःच्या श्वासाला दोष देत राहतो. बोल्ट सरकवताना अंगठ्याला जरा जरी अडकल्यासारखे वाटले तर थांबा, छर्रा काढा, फेका. एका छर्ऱ्याची किंमत एका गुणापेक्षा कमीच असते.

डबा एकदा जमिनीवर पडला की त्यातले छर्रे सरावाला. सामन्याचे छर्रे निवडायचे असतील तर काचेचा तुकडा किंचित उतरता ठेवा आणि एकेक छर्रा आडवा घरंगळू द्या. चांगला छर्रा स्वच्छ वळण घेत जातो, चेपलेला लंगडतो. ५०० चा डबा निवडायला अर्धा तास पुरतो.

सराफाच्या मिलिग्रॅम काट्यावर छर्रे तोलायचे का, हा नेहमीचा प्रश्न. काटा मिळाला तर एका डब्यातले ५० तोलून पाहा. ५३० मिलिग्रॅमच्या आसपास सगळे ४-५ मिलिग्रॅमच्या पट्ट्यात असतील तर डबा चांगला. ५ मिलिग्रॅमचा फरक म्हणजे १ टक्का, त्याने वेगात मीटरभरापेक्षा कमी फरक पडतो, कागदावर ०.२ मिमीपेक्षा कमी. डब्याची पारख करायला तोलणे योग्य आहे. पाचशेच्या पाचशे तोलून ढिगारे लावण्यात मात्र संध्याकाळ जाते आणि हाती फारसे लागत नाही. तो वेळ ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर सलग फैरींचा पुंजका, मारण्यात घालवावा.

ग्रुपची चाचणी

ही चाचणी खांद्यावरून करू नये. खांद्यावरून मारलेला ग्रुप छर्ऱ्याचा नसतो, तुमचा असतो. रायफल शिकंज्यात धरायची, जबड्यांना लाकूड आणि रबराच्या पट्ट्या लावायच्या. आवळायची ती मधली ॲक्शन, म्हणजे बोल्ट बसतो तो धातूचा भाग. नळी आवळली तर तिची थरथर बदलते आणि चाचणी वाया जाते. शिकंजा नसेल तर जड टेबल काँक्रीटच्या फरशीवर घ्या, तांदूळ किंवा बारीक वाळू भरलेल्या कापडी पिशव्यांवर रायफल टेकवा आणि पीपमधून (मागच्या साईटच्या बारीक भोकातून) नेम धरून मारा. आकडे थोडे मोठे येतील, पण तुलना करायला पुरतील.

सुरुवातीला कुंद्याचे स्क्रू पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळा. नळी फेल्टने (नमद्याच्या छोट्या बोळ्याने) साफ करा. फेल्ट मागच्या बाजूने, बोल्टकडून घालायचे, तोंडाकडून कधीच नाही. तोंडाच्या कडेला ओरखडा गेला तर नळीचा नेम कायमचा गेला. साफ केल्यावर १५-२० छर्रे नुसते मारा. शिशाचा बारीक थर बसेपर्यंत नळी भटकते. छर्ऱ्याची जात बदललीत की पुन्हा १० छर्रे मोजणीबाहेर.

आणि कूलर बंद करा. इतकी साधी गोष्ट बहुतेक जण विसरतात. आडवा वारा सेकंदाला एक मीटर असला, म्हणजे गालाला जेमतेम जाणवेल इतका, तरी १० मीटरवर छर्रा दोनेक मिलिमीटर सरकतो. निशाण्यावरचे प्रत्येक वर्तुळ आतल्यापेक्षा त्रिज्येने २.५ मिमीच मोठे असते. छर्ऱ्याची परीक्षा कूलरच्या झोतात घेतली तर ती कूलरची परीक्षा होते. उन्हाळ्यात ही चाचणी सकाळी सहा ते आठमध्ये उरका.

प्रत्येक जातीचे १०-१० फैरींचे तीन ग्रुप मारा. एका जातीचे तिन्ही सलग मारू नका, आलटून पालटून मारा, म्हणजे तापमान किंवा दाब बदलला तर सगळ्यांना सारखा लागू होतो. मोजायला व्हर्नियर कॅलिपर. आधी एकच छर्रा मारून त्याचे भोक मोजा. कागद थोडा मिटतो, त्यामुळे ४.५ च्या जागी ४.४ भरू शकेल. मग ग्रुपचे बाहेरचे सर्वांत लांब अंतर मोजून त्यातून हा आकडा वजा करा.

उदाहरणादाखल तीन डबे घेऊ. बाहेरून मोजलेली मापे अशी आली, आणि एका भोकाचे माप ४.४ आहे:

४.४९ चा डबा: ६.४, ६.१, ७.९. वजा करून २.०, १.७, ३.५. सरासरी २.४.
४.५० चा डबा: ६.६, ६.५, ६.८. वजा करून २.२, २.१, २.४. सरासरी २.२.
४.५१ चा डबा: ७.८, ७.२, ८.४. वजा करून ३.४, २.८, ४.०. सरासरी ३.४.

बहुतेक जण १.७ चा सुंदर ग्रुप पाहून ४.४९ उचलतात. थांबा. त्याच डब्याने ३.५ ही दिलाय. तो कागद पुन्हा पाहा. नऊ छर्रे एकत्र आणि एक बाहेर असेल तर तो चेपलेला छर्रा असू शकतो, आणखी दोन ग्रुप मारून खात्री करा. सगळे दहा पसरलेले असतील तर डबा बाजूला. ४.५० चे तिन्ही ग्रुप एकसारखे आलेत, सामन्यासाठी असाच छर्रा हवा. २.२ आणि २.४ या सरासरीतला फरक मात्र काहीच सांगत नाही. तीन ग्रुपांत इतका फरक नशिबानेही पडतो. ४.५१ ला नि:शंक बाद करा.

आता हे सगळे कोणासाठी करायचे, तेही ठरवा. नव्या मुलाचा स्वतःचा ग्रुप १५ मिमीचा असतो. छर्ऱ्याचा २.० आणि ३.५ यातला फरक त्याच्या ग्रुपमध्ये मिसळला की १५.१ आणि १५.४ येतात, म्हणजे काहीच नाही. ज्याचा हात ५ मिमीवर स्थिरावलाय, त्याला ५.४ आणि ६.१ असा फरक दिसतो. पहिल्या वर्षी साधे, एकाच जातीचे छर्रे पुरेत. पालकांनी महागड्या डब्यांपेक्षा जाकीट आणि सरावाच्या वेळेवर खर्च करावा.

कागद काय सांगतो

ग्रुप वरखाली लांबट येतो: शिकंज्यातून मारला असेल तर वेग बदलतोय, क्रोनोग्राफ लावा. खांद्यावरून असेल तर आधी श्वास पाहा.

पहिलीच फैर दर वेळी वर: रेग्युलेटर थोडा गळतोय. रायफल बराच वेळ पडून राहिली की आत दाब चढतो. सामन्याआधी तयारीच्या वेळात दोन-तीन फैरी मारून घ्या. तरीही गेले नाही तर रेग्युलेटरची सील बदलायला द्या, स्वतः उघडू नका.

दोन वेगळे ग्रुप, मध्ये रिकामी जागा: कुठला तरी स्क्रू सैल आहे, किंवा दोन लॉटचे छर्रे एका डबीत मिसळले आहेत. दुसरे कारण आपल्याकडे फार आढळते, कारण संपत आलेला डबा नव्यात ओतायची सवय.

फैरींसोबत ग्रुप हळूहळू खाली सरकतोय: सिलिंडर संपत आलाय.

दहातला एक भलतीकडे: चेपलेला घेर.

स्प्रिंगच्या रायफलीला हे सगळे थोडे वेगळे लागू होते. तिथे हवा भरायची नसते, पण पकड घट्ट झाली की ग्रुप सरकतो, म्हणून शिकंज्यात न धरता हलक्या हाताने पिशवीवर टेकवून चाचणी घ्यावी. रिकामी कधीही सोडू नये. नळीत तेल गेले तर ते जळून धूर आणि मोठा आवाज येतो, वेग भरकटतो. असे झाले की तेल घालणे थांबवा आणि दोन-तीन फेल्ट ओढा.

शिसे आणि मागची भिंत

७.८ ज्यूल ऐकायला कमी वाटतात, पण डोळा कायमचा जायला तेवढे पुरेसे आहेत. सपाट लोखंडी पत्र्यावर १० मीटरवरून मारलेला छर्रा उलट येतो. पाटी ४५ अंशांत खाली कललेली हवी आणि खाली वाळूची पेटी. चाचणी घेणाऱ्यासह सगळ्यांना चष्मा. पेटीभोवतीची धूळ झाडूने कोरडी झाडू नका, शिशाची पावडर हवेत उडते. ओल्या फडक्याने पुसा. छर्रे तोंडात धरायचे नाहीत, सरावात चहा-बिस्किट नाही आणि घरी जाण्याआधी साबणाने हात धुवायचे.

लॉट पकडून ठेवा

डबा ठरला की त्यामागचा लॉट क्रमांक लिहा. तोच व्यास आणि तीच कंपनी असली तरी पुढच्या लॉटला साचा नवा असू शकतो. रोज ८० फैरी आणि आठवड्याचे पाच दिवस धरले तर ४००. चाळीस आठवड्यांचे १६,०००, म्हणजे ५०० चे ३२ डबे. सगळे एका लॉटचे घेणे जमले तर उत्तम. नाही जमले तर सामन्यापुरते पाच-सहा डबे त्या लॉटचे बाजूला ठेवा आणि सराव दुसऱ्यावर चालवा. डबे सुक्या जागी, झाकण घट्ट लावून, मोजके सिलिका जेल टाकून ठेवा. छर्ऱ्यांवर पांढरी पावडर धरली तर ते सामन्यातून बाद.

वहीत तारीख, तापमान, सिलिंडरचा दाब, लॉट आणि ग्रुपचे माप या पाच रकाने आखा. नव्या लॉटचा डबा आला की त्याला जुन्या लॉटसोबत त्याच सकाळी, त्याच टेबलावर मारा आणि दोन्ही कागद वहीत शेजारी शेजारी चिकटवा.